जीपला लागलेली हळद

माझ्या सासूबाई कुडाळच्या. मी नेमकं काय काम करते हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत कोणी विचारलंच, तर त्या बेधडक सांगायच्या, "माजी सून गाडयेची चमक घालवता. आणि लोक तिका शोधीत शोधीत येतत." दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या कामाविषयी लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी कागद पुढे घेऊन बसले खरी, पण सासूबाईंच्या या वाक्यापुढे गाडी हलेना. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गाडीला रंग देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आम्ही त्याला क्लिअर म्हणतो. ऊन, पाऊस, कावळे आणि सोसायटीतली क्रिकेट खेळणारी मुलं यांच्यापासून रंगाला वाचवायचं काम त्याचं. गाडीच्या दारात तुम्हाला स्वतःचं तोंड दिसतं ते या क्लिअरमध्ये. काही लोकांना मात्र गाडीत तोंड बघायचं नसतं. त्यांना मंद, शांत झाक हवी असते, उकडलेलं अंडं सोलल्यावर दिसते तशी. अशी माणसं माझ्याकडे येतात. कोणी बॉनेट आणतं, कोणी बंपर, कोणी आरशांच्या नुसत्या टोप्या पिशवीत घालून भाजीसारख्या आणतं.

अंधेरीला मरोळमध्ये आमचा गाळा आहे. आमचा म्हणजे माझा आणि पास्कलचा. पास्कल गोराईचा. पत्रा ठोकणं, भाग घडवणं, बसवणं त्याच्याकडे, आणि रंग माझ्याकडे. मी आधी लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगाच्या फवारणीवर होते. तिथे सगळी कपाटं एकाच करड्या रंगाची. पुढे कारखाना बंद पडला आणि माझ्या आयुष्यात दुसरे रंग आले. अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की रंगाबद्दलचे सगळे प्रश्न पास्कलला विचारतं. पास्कल शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "मॅडमना विचारा, मला फक्त हातोडा कळतो." मग गिऱ्हाईक मॅडम शोधायला लागतं, आणि मी मास्क घालून त्याच्या समोरच उभी असते.

या मंद क्लिअरचे नखरे फार. त्यात एक बारीक भुकटी असते, तीच चमक मारते. ती डब्याच्या तळाशी जाऊन बसते. डबा खळखळून हलवला तर बुडबुडे येतात, म्हणून बासुंदी तळाला लागू नये म्हणून ढवळतो तसं सावकाश तळापासून ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. एका गाडीचे सगळे भाग एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत मारायचे. हात कुठे जरा रेंगाळला आणि थर जाड झाला, की तिथली झाक वेगळी. दुपारी हवा दमट झाली तरी झाक वेगळी. चकचकीत क्लिअरवर धुळीचा कण बसला तर घासून, पॉलिश करून काढता येतो. इथे ती सोय नाही. घासलं की तेवढीच जागा टकलासारखी चमकते. एक कण बसला की तो अख्खा भाग पुन्हा पहिल्यापासून. माझे निम्मे केस या कणांनी पांढरे केले आहेत.

आणि तरी या कामासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. मारल्यावर ओला असताना हा क्लिअर आरशासारखा लखलखतो. गिऱ्हाईक गाळ्यात असेल तर त्याचा चेहरा खर्रकन उतरतो, बाईने फसवलं असं त्याला वाटतं. थोड्या वेळाने कडेकडून चमक आत ओढली जायला लागते. आधी एक कोपरा विझतो, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा पत्रा शांत होतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या वेळी मला नाचावंसं वाटतं. कधीकधी मी नाचतेही. पास्कल ओरडतो, "शुभा, बाहेर जाऊन नाच, धूळ उडते."

या धंद्यात मला ढकललं ते सिनेमावाल्यांनी. मढच्या एका बंगल्यात शूटिंग चाललं होतं आणि हिरोच्या मोटरसायकलच्या टाकीत सगळे दिवे, कॅमेरा आणि चहा पिणारी माणसं दिसत होती. त्यांचा एक माणूस टाकी काखेत मारून आमच्याकडे आला आणि म्हणाला, हिच्यात काही दिसता कामा नये. मी नेहमीच्या क्लिअरमध्ये चमक मारणारं मिश्रण थोडं थोडं वाढवत पत्र्याच्या तुकड्यांवर फवारून पाहिलं आणि त्यातला एक तुकडा त्याला पसंत पडला. तसे तुकडे मी अजून जपते. दोरीत ओवून भिंतीवर टांगलेत, पूर्ण चमकीपासून पूर्ण मंदपर्यंत. मुलुंडचे एक गृहस्थ तर बॉनेट मंद करून घेऊन गेले आणि पुढच्याच आठवड्यात परत आले. त्यांच्या गाडी धुणाऱ्याने मालकावरच्या प्रेमापोटी मेण लावून मधोमध गोल गरगरीत चमक काढली होती. गृहस्थ मला म्हणाले, आता बाकीचंही असंच चमकवून द्या, म्हणजे एकसारखं दिसेल. मी पास्कलकडे पाहिलं, पास्कलने छताकडे पाहिलं.

पण सांगायचंय ते प्रांजलच्या जीपबद्दल.

प्रांजल मढच्या कोळीवाड्यातली. गाड्यांचं शिक्षण घेतलेली, अंधेरीत गाड्या सजवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. तिच्या वडिलांची, हरिश्चंद्र नाखव्यांची, एक जुनी उघडी जीप होती. बंदरावरून बर्फ आणि मासळी वाहून वाहून ती खाऱ्या पाण्याने पार खाल्ली होती. प्रांजलने ती खोलून पुन्हा उभी करायला घेतली. लग्न ठरलं होतं, आणि तिच्या मनात एकच होतं की मांडवात जायचं ते याच जीपमधून, आणि ती चालवायची बाबांनी. पास्कलने तिला नवीन बॉनेट आणि मडगार्ड घडवून दिले. बाकीचे भाग ती मढहून वर्सोव्याच्या फेरीबोटीने एकेक करून आणायची. एकदा म्हणे टोपल्यांच्या गर्दीत बंपरवर एक मावशी निवांत बसून आली, आणि उतरताना बंपर चांगला आहे म्हणाली.

रंग तिने निवडला ओल्या वाळूचा करडा. झाक निवडायला मी तिला तुकड्यांची माळ दिली, तर ती माळ घेऊन रस्त्यावर उन्हात गेली, सावलीत गेली, समोरच्या चहावाल्याच्या ट्यूबलाइटखालीही जाऊन आली. शेवटी मधला एक तुकडा माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ताई, ही. थोडीशीच जिवंत पाहिजे." मला पोरगी तिथेच आवडली.

क्लिअर मारायच्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. नाखवे म्हणजे आडवा बांधा, उन्हाने रापलेला चेहरा, आणि उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर तुटलेलं, जाळ्याच्या दोरात सापडून. मी दुसरा हात मारून फवारणीच्या काचेच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा सगळे भाग ओले, लखलखीत. काचेतून ते बघून नाखवे इतके खूश झाले की त्यांनी पास्कलच्या पाठीवर थाप मारली. वर्षावर्षाला होडीला तेलरंग लावणारा माणूस, चमक त्यांना कळते. मग चमक विझायला लागली. प्रांजल आणि मी एकमेकींचे हात धरून उड्या मारत होतो. नाखव्यांचा चेहरा मात्र बॉनेटबरोबरच विझत गेला.

"बाय, हिला काय झालं?" त्यांनी मला विचारलं.

मी समजावलं की हे असंच करायचं होतं. ते बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. मग लेकीकडे वळून म्हणाले, "मासा ताजा असतो तवा चमकतो. चमक गेली का शिला. मी माज्या पोरीला शिल्या माशावर बसवून धाडू? सगला गाव बघेल. मी नाय त्या गारीन बसनार."

प्रांजलही त्यांचीच मुलगी. तिने सांगितलं की मग मी एकटी चालवत जाईन. दोघं आले तसे गेले, एक पुढे, एक मागे. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी आयुष्यात मारलेला सगळ्यात सरळ हात होता तो, एकाही भागावर कण नव्हता, आणि त्याला कोणी शिळा म्हणत होतं. पास्कल म्हणाला, "त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे ना यार. तू बाजारात गेलीस तर मंद डोळ्यांचा बांगडा घेशील का?" मी त्याच्याशी त्या दिवशी बोलले नाही.

जीप जोडून मढला गेली. लग्न भर वैशाखात, संध्याकाळचं. मला आमंत्रण होतंच, मी नऊवारी काढून ठेवली होती. तर लग्नाच्याच दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असताना फोन वाजला.

"शुभाताई, वाट लागली," प्रांजल म्हणाली. "बॉनेटवर हात आहेत. लाल हात."

मला काही कळेना. कोणाचे हात, लाल कसे, काही मारामारी झाली का. ती रडतेय की हसतेय तेही कळत नव्हतं. मी नऊवारी पिशवीत कोंबली, वर तेलकटपणा काढणाऱ्या डिग्रीजरची बाटली आणि मऊ फडकी टाकली आणि स्कूटर काढून फेरीबोट गाठली. बोटीत सगळे नाकाला रुमाल लावून बसले होते, कारण शेजारी सुक्या मासळीची पोती होती. मला काही जाणवत नव्हतं. या कामाने माझं नाक नेलं आहे. मास्क नीट वापरायची अक्कल उशिरा आली. सोनचाफा नाकाशी धरला तरी मला आता तो नुसता पिवळा वाटतो. याची हळहळ आहे, ती लपवत नाही.

मढला घरासमोर पोहोचले तर सगळी आळी जीपभोवती गोळा झालेली. वाजंत्रीवालेही हातात सनई धरून बघत होते. ओल्या वाळूच्या रंगाच्या त्या माझ्या देखण्या बॉनेटवर पाच तळवे, लालभडक. प्रांजलच्या आईने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आणि सांगताना तिला स्वतःलाच हसू आवरेना.

झालं होतं असं. आदल्या दिवशी हळद. कोळ्यांची हळद म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक, मांडवात पिवळं व्हायचं कोणी राहत नाही. प्रांजलला हळद लावून झाली आणि नाखवे परात घेऊन अंगणात आले. जीपसमोर येऊन थांबले. मग बायकोला म्हणाले, हीपण उद्या जानार ना घरातून, मग हिला कोनी हलद लावायची? आणि कोणी काही बोलायच्या आत तेलात कालवलेली हळद तळहातावर घेऊन त्यांनी बॉनेटवर हात उमटवला. ते बघून चार मावश्या धावल्या, त्यांनीही उमटवले. जीपला अक्षता लावल्या, गाणी म्हटली, तिच्याभोवती सगळे नाचले.

चकचकीत गाडी असती तर सकाळी एका फडक्यात सगळं निघालं असतं. पण मंद क्लिअरचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसत नाही इतका खरखरीत असतो, म्हणून तर त्यात तोंड दिसत नाही. हळद त्यात मुरून बसली. पहाटे नाखव्यांनी पाहिलं, पुसून पाहिलं, जाईना. लेक उठायच्या आत निस्तरावं म्हणून त्यांनी कपडे धुवायचा साबण घेतला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पण त्या वेळी जागे होते ते एकटे नाखवे.

ते अंगणाच्या टोकाला एका उलट्या घातलेल्या होडीवर पाठ करून बसले होते. प्रांजल त्यांच्याशी बोलली नव्हती. रागावलीही नव्हती म्हणे, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

"ताई, निघेल का?" प्रांजलने मला विचारलं. "संध्याकाळपर्यंत?"

पुन्हा रंगवायचं म्हटलं तर बॉनेट उतरवून मरोळला न्या, घासा, मारा, वाळवा. दोनदा लग्न लागलं असतं तेवढ्यात. घासता तर येतच नव्हतं. मी बॉनेटभोवती फिरत राहिले, आणि एकदम मला माझ्या सासूबाई आठवल्या. लग्नाच्या पातळाला हळद लागली की त्या काय करायच्या? धुऊन उन्हात टाकायच्या. हळदीला ऊन सोसत नाही. संध्याकाळी पातळ दोरीवरून काढायचं, डागाचा पत्ता नाही. मला एवढा आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली.

आधी डिग्रीजर लावलेल्या फडक्याने टिपून टिपून तेल उतरवलं, अजिबात न घासता. मग साध्या पाण्याने धुतच राहिले, साबण पूर्ण गेला तसे तळवे पुन्हा पिवळे झाले आणि मावश्यांनी शिट्ट्या मारल्या. मग वाजंत्रीवाल्यांसकट सगळ्यांनी मिळून जीप ढकलत बोंबील वाळवायच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे सावलीचा मागमूस नाही. पण तिथे कावळे. मंद क्लिअरवर कावळ्याने घाण केली तर हळद परवडली. मी हे बोलून दाखवलं मात्र, चार मावश्या चार काठ्या घेऊन जीपच्या चार बाजूंना उभ्या राहिल्या. बोंबील राखण्यात हयात गेलेल्या बायका त्या. एक कावळा फिरकला नाही. एक समुद्रपक्षी लांबून आला आणि त्यांच्याकडे बघूनच वळला.

ऊन चढत गेलं. मी मधूनमधून ओलं फडकं ठेवून तळवे भिजवत होते आणि बायका कोणाचा हात आधी जातो यावर पैजा लावत होत्या. दुपारी एक तळवा गेला. त्या मावशीने आपला हात तेवढा पवित्र नव्हता म्हणून कबुली दिली, आणि हसून हसून सगळ्या काठ्यांवर ओणव्या झाल्या. मग दुसरा गेला, तिसरा, चौथा. मी डोळा बॉनेटला समांतर धरून पाहिलं, झाक जराही बदलली नव्हती. इतकी वर्षं मी चमक विझताना बघून नाचले, त्या दिवशी हळद विझताना बघून नाचले. नऊवारी नेसून नाचले, कारण तोवर नेसायची वेळ झाली होती.

शेवटी एकच हात उरला. सगळ्यात मोठा, मधलं बोट आखूड. नाखव्यांनी सगळ्यात जास्त हळद घेतली होती आणि सगळ्यात जोरात दाबला होता. तोही फिका होत चालला होता. मी त्याच्यावर फडकं भिजवून ठेवायला वाकले.

"ताई, थांबा."

प्रांजल येत होती. हिरवा चुडा, केस अर्धे गुंफलेले, मागून वेणी घालणारी फणी घेऊन धावत येणारी. ती बॉनेटजवळ आली. गेलेल्या चार हातांच्या जागी तिने नुसतं पाहिलं, पाचव्याजवळ वाकून बराच वेळ पाहिलं. या पोरीने झाक निवडायला अख्खा रस्ता पालथा घातला होता, आणि त्या बॉनेटवर एक कण खपवून घेतला नसता. तिने खांद्यावरचा टॉवेल काढला, दोनदा दुमडला आणि त्या हातावर अलगद ठेवला, ऊन लागू नये असा.

"हा राहू दे," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, खरं तेच सांगितलं, की टॉवेल ठेवलास तरी हा टिकणार नाही, रोजच्या उन्हात कधीतरी उडेलच.

"उडेल तेव्हा उडेल. आज राहू दे. बाबांनी लावलीय ती."

मावश्यांच्या काठ्या खाली आल्या. मला रडू आलं, आणि नऊवारीचा पदर रंगाच्या फडक्यापेक्षा डोळे पुसायला बरा असतो हे त्या दिवशी कळलं. नाखवे होडीवरून केव्हा उठले ते कोणी पाहिलं नव्हतं. ते जीपला वळसा घालून आले. टॉवेलची एक कड उचलून त्यांनी खाली पाहिलं आणि पुन्हा नीट झाकून ठेवलं. मग लेकीसमोर हात पसरला. तळव्यावर कालची हळद तशीच होती.

"चावी आन," ते म्हणाले. "उशीर होतो."